सुख रांजण भरण्यात, की भरलेल्या रांजणात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा 28 वर्षांचा, पुण्यात आयटीत, पगार चांगला. तो लिहितो, दर दीड-दोन वर्षांनी फोन बदलतो, मागच्या दिवाळीला गाडी घेतली, दरवेळी पंधरा दिवस भारी वाटतं आणि मग पुन्हा जैसे थे. आणि शेवटी विचारतो, "ग्रीकांनी सुखावर खूप डोकं चालवलंय म्हणतात, त्यातला तो एपिक्युरस म्हणजे आपला चार्वाकच ना, खा प्या मजा करा? मग मी तेच तर करतोय, तरी असं का होतं?"

मी गेली 26 वर्षं कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवतेय, त्यातला बराचसा काळ ग्रीकच, आणि हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात समोर येतो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. मुद्दा आधीच सांगून टाकते, तुम्ही करताय ते एपिक्युरसचं नाहीच. ते दुसऱ्याच एका माणसाचं आहे, आणि एपिक्युरसचं सगळं म्हणणं त्याच्या बरोबर उलट टोकाला उभं आहे.

तो माणूस म्हणजे कॅलिक्लीझ. प्लेटोचा 'गॉर्जियस' नावाचा संवाद आहे, त्यात हा कॅलिक्लीझ सॉक्रेटिसला म्हणतो की चांगलं जगायचं तर इच्छा आवरायच्या नाहीत, उलट वाढतील तेवढ्या वाढू द्यायच्या आणि प्रत्येक इच्छा पुरवायची ताकद कमवायची. सॉक्रेटिस त्याला रांजणांचा दाखला देतो. दोन माणसं आहेत, दोघांकडे पुष्कळ रांजण आहेत. एकाचे धड आहेत, त्याने वाईन, मध, दूध असं काय काय मोठ्या कष्टाने मिळवलं, रांजण एकदाचे भरले आणि आता तो निवांत बसलाय. दुसऱ्याचे गळके आहेत, त्यामुळे तो बिचारा रात्रंदिवस ओततोय, थांबला की हाल. सांग बरं, सुखी कोण? सॉक्रेटिसला वाटतं आता हा गप्प होईल. पण कॅलिक्लीझ म्हणतो, छे, ज्याचे रांजण भरलेत त्याला आता कसलं आलंय सुख, तो तर दगडासारखा जगतोय, त्याला ना आनंद ना दुःख. मजा आहे ती ओतण्यात, जेवढं जास्त ओताल तेवढी जास्त.

हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा वर्ग दरवर्षी अगदी निम्मा-निम्मा फुटतो आणि कॅलिक्लीझच्या बाजूने बोलणारी मुलं काही वाया गेलेली नसतात, बऱ्याचदा तीच जास्त प्रामाणिक असतात. नवीन फोनचा बॉक्स उघडतानाचा आनंद खोटा आहे असं कोण म्हणेल? पण तुमचे ते पंधरा दिवस म्हणजे ओतण्याचे पंधरा दिवस आहेत, सोळाव्या दिवशी रांजण भरलेला असतो (किंवा गळून गेलेला असतो, यातलं नक्की काय हाच तर पुढचा वाद) आणि तुम्हाला नवा रांजण शोधावा लागतो. ग्रीकांमध्ये या एका चित्रावरून पुढची दीड-दोनशे वर्षं भांडण चाललं असं म्हटलं तरी चालेल.

आधी ज्याने ओतण्याची बाजू नीट तत्त्वज्ञान म्हणून मांडली त्याच्याबद्दल. ॲरिस्टिपस, गाव सायरीनी, म्हणजे आजच्या लिबियात, जन्म साधारण इ.स.पू. 435. सॉक्रेटिसचा शिष्य, पण गुरूच्या अगदी उलट, शिकवण्याचे पैसे घ्यायचा, सिराक्यूजच्या जुलमी राजाच्या दरबारात जाऊन बसायचा, चैनीत राहायचा. लाइस नावाच्या प्रसिद्ध गणिकेशी त्याचे संबंध होते, त्यावरून कोणी टोमणा मारला तर म्हणाला, ती माझ्या ताब्यात आहे, मी तिच्या ताब्यात नाही. याचं पुढे त्याच्या घराण्यातच शास्त्र झालं, त्याची मुलगी अरेटी तत्त्वज्ञान शिकली, तिने आपल्या मुलाला शिकवलं, त्या मुलाचं नाव आजोबांचंच, ॲरिस्टिपस, आणि लोक त्याला 'आईने शिकवलेला' असंच म्हणायचे. त्या काळात आईकडून तत्त्वज्ञानाची परंपरा पुढे जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

या सायरीनी मंडळींचं म्हणणं असं की सुख म्हणजे एक हालचाल आहे, मऊ हालचाल. दुःख म्हणजे खडबडीत हालचाल. आणि दोन्ही नसेल तर ती मधली शांत अवस्था, ते सुख नाही आणि दुःखही नाही. सुख आत्ताचंच, कालचं गेलं, उद्याचं आलेलं नाही. आणि इथे ते इतर सगळ्या ग्रीकांपासून फुटतात. बाकी सगळे म्हणतात की माणसाचं अंतिम ध्येय अख्खं आयुष्य चांगलं जाणं, हे म्हणतात नाही, ध्येय म्हणजे हे एकेक सुख, सुखी आयुष्य ही नुसती त्यांची बेरीज आहे आणि ती बेरीज हवी असते तीसुद्धा त्या एकेका सुखासाठी. मला हे पटत नाही, पण यांचा विचार फार स्वच्छ आहे, लपवाछपवी काही नाही. आणि लक्षात घ्या, ॲरिस्टिपसलाही 'मी सुखाच्या ताब्यात नाही' हे म्हणावंसं वाटलंच. कॅलिक्लीझला त्याची गरज वाटली नव्हती.

आता एपिक्युरस. जन्म इ.स.पू. 341, सामोस बेटावर, आईवडील अथेन्सचे, वडील शाळामास्तर. अठराव्या वर्षी अथेन्सला आला, त्याच सुमारास अलेक्झांडर मेला, सगळी उलथापालथ झाली, सामोसवरच्या अथेन्सवाल्यांना हाकलून दिलं आणि याचं घरदार उठून कोलोफोनला गेलं. पुढे मायटिलिनी, लॅम्पसाकस इथे शिकवलं आणि इ.स.पू. 306 च्या आसपास अथेन्सला येऊन शहराच्या भिंतीबाहेर 80 मिना, म्हणजे 8,000 द्राख्मा देऊन एक बाग घेतली. त्याच्या पंथाचं नावच पडलं 'बाग'. विस्थापित घरातला मुलगा आहे हा, राज्यं पडताना बघितलेला, आणि त्याची शांततेची ओढ मला तरी तिथून आलेली वाटते.

तो म्हणतो, हो, सुख हेच ध्येय, यात लाजायचं काय, जन्मलेलं मूलसुद्धा सुखाकडे वळतं आणि दुःखापासून पळतं, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. इथपर्यंत तो ॲरिस्टिपसच्या बाजूचा वाटतो. पण पुढचं वाक्य असं की सुखाची हद्द म्हणजे दुःख पूर्ण संपणं. तहान लागली, पाणी प्यालात, पिताना जे वाटतं ते हालचालीतलं सुख. प्यायल्यावर तहान नाही, ती अवस्थासुद्धा सुख आहे, स्थिर सुख, आणि तेच वरचं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा कमतरतेचं दुःख गेलं की सुख वाढत नाही, फक्त त्याचे प्रकार बदलतात. म्हणजे पोट भरल्यावर बासुंदी आली तर सुख जास्त होत नाही, वेगळं होतं.

याच्यावर दोन मिनिटं थांबा, कारण सगळा एपिक्युरस इथे आहे. आपण सगळे मनात धरून चालतो की सुखाला वर छत नाही, कितीही पैसे, कितीही प्रवास, कितीही मोठा फ्लॅट, वर जागा आहेच. एपिक्युरस म्हणतो छत आहे, आणि ते हाताला लागेल इतकं खाली आहे. भूक नाही, तहान नाही, थंडी नाही, आणि उद्याही यांची सोय होईल असा भरवसा आहे, एवढं असलं की सुखाच्या बाबतीत देवाशीही बरोबरी करता येईल असं तो म्हणतो. शरीराला वेदना नसणं याला त्याचा शब्द अपोनिया, मनाला खळबळ नसणं याला अताराक्सिया. रांजण भरला की बस. वर ओतलं तर ते बाहेरच सांडणार.

सायरीनीवाल्यांनी यावर लगेच हरकत घेतली की अहो, वेदना नसणं म्हणजे सुख असेल तर मग ती झोपलेल्या माणसाची अवस्था झाली. रोमन लेखक सिसेरोनेही इ.स.पू. 45 मध्ये लिहिताना हाच धोशा लावला, की तुम्ही एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबताय, दुःख नसणं आणि आनंद वाटणं. आणि ही हरकत हलकी नाही. मी बरीच वर्षं सिसेरोच्या बाजूने होते. माझं मत बदललं ते एका साध्या अनुभवाने, मला मूतखड्याचा त्रास झाला होता, दोन रात्री तळमळून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुखायचं थांबलं. मी खिडकीशी चहा न घेता, पुस्तक न घेता, काहीही न करता नुसती तासभर बसले होते आणि तो तास मी रिकामा होता असं शपथेवर सांगू शकत नाही, तो भरलेला होता. आता यावर कोणी म्हणेल की तो वेदनेशी तुलना केल्याचा परिणाम आहे, चार दिवसांनी तीच खिडकी साधी वाटेल. बरोबर. पण एपिक्युरसचं म्हणणं हेच की चार दिवसांनी खिडकी बदललेली नसते, आपलं लक्ष उडालेलं असतं, आणि ते लक्ष टिकवता येतं, त्यासाठी आठवण आणि विचार लागतो. म्हणून त्याच्याकडे सुख ही नुसती संवेदना नाही, अभ्यास आहे.

क्रायसिपस या स्टोइकाबद्दल (स्टोइक म्हणजे सद्गुणालाच सगळं मानणारा, एपिक्युरसच्या विरोधातला पंथ) एक गोष्ट सांगतात. अथेन्सच्या केरामाइकस या भागात त्याचा पुतळा होता, बसलेला आणि हात पुढे केलेला. युक्तिवाद असा: आत्ता तुझ्या हाताला काही हवंय का? नाही. सुख जर चांगली गोष्ट असती तर हाताला ते हवं वाटलं असतं की नाही? असतं. मग सुख ही चांगली गोष्ट नाही. सिसेरोच्या ग्रंथात एपिक्युरसची बाजू मांडणारा टॉर्क्वाटस यावर फार छान उत्तर देतो, की हे सायरीनीवाल्यांना लागू पडेल, आम्हाला नाही, कारण ज्या हाताला काहीच नको आहे तो हात आमच्या मते सुखातच आहे. मला हे उत्तर फार आवडतं, सगळा फरक एका हातात दिसतो.

आता छत खाली आहे हे पटलं तर मग आपण वर वर का उड्या मारतो? इथे त्याची इच्छांची वाटणी येते. काही इच्छा नैसर्गिक आणि गरजेच्या, तहानेला पाणी. काही नैसर्गिक पण गरजेच्या नाहीत, तहानेला भारीतलं सरबत. आणि काही ना नैसर्गिक ना गरजेच्या, त्याचं उदाहरण म्हणजे आपल्या नावाचे मुकुट आणि पुतळे. पहिल्या प्रकाराला हद्द असते आणि ती सहज पुरी होते. तिसऱ्याला हद्दच नसते, कारण ती शरीरातून आलेली नसते, कुठल्यातरी खोट्या समजुतीतून आलेली असते, आणि समजूत कधी 'पुरे' म्हणत नाही, पोट म्हणतं. लोक म्हणतात पोट अधाशी असतं, तर एपिक्युरसच्या वचनांमध्ये थेट याचं खंडन आहे, पोट अधाशी नाही, पोटाला अमर्याद लागतं ही समजूत खोटी आहे. तुमचा फोन वाईट नाही, तो दुसऱ्या प्रकारातला म्हणू हवं तर. पण 'नवा फोन नसला तर मी मागे पडलो' हे तिसऱ्या प्रकारातलं आहे, आणि गळका रांजण तोच.

त्याने एक कसोटी दिलीय ती मी दरवर्षी वर्गात करून घेते. प्रत्येक इच्छेला विचारायचं, ही पुरी झाली तर माझं काय होईल आणि नाही झाली तर काय होईल. मुलांना तीन तीन इच्छा लिहायला सांगते. एका वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, सीए व्हायचंय, स्कूटर हवीय, आई बरी व्हावी. स्कूटरवर दोन मिनिटांत निकाल लागला, लांब कॉलेज होतं, बसचा त्रास होता, तिने स्वतःच सांगितलं की कुठलीही चालेल, जुनीसुद्धा. सीएवर अर्धा तास वाद झाला, पोटापाण्यासाठी की नावापुढे लावायला? तिसऱ्यावर कोणी काही बोललं नाही, आणि मीही नाही बोलले, कारण एपिक्युरसच्या तीन खणांत ती इच्छा कुठे ठेवायची हे मला आजही नीट ठरवता येत नाही. दुसऱ्याच्या बरं होण्याची इच्छा आपल्या तहानेसारखी नसते. पण मैत्रीबद्दल तो काय म्हणतो ते वाचलं की वाटतं, त्यालाही ही अडचण माहीत होती.

म्हणजे बघा, एकीकडे तो म्हणतो मैत्री सुरू होते ती उपयोगातून. आणि दुसरीकडे, शहाणपण सुखी आयुष्यासाठी जे जे मिळवतं त्यात सगळ्यात मोठी गोष्ट मैत्री. आणखी एक वचन आहे की मित्रांची मदत जेवढी कामी येत नाही तेवढा, मदत मिळेल, हा विश्वास कामी येतो. हे मला अगदी आपल्या चाळीतलं, वाड्यातलं वाटतं, रात्री दोनला कोणाचं दार वाजवायचं हे माहीत असणं, मग ते वाजवायची वेळ कधी येवो न येवो. आणि त्याने हे नुसतं लिहिलं नाही. बागेत बायका होत्या, गुलाम होते, थेमिस्टा नवऱ्याबरोबर शिकायची, लिओन्शन नावाच्या गणिकेने थिओफ्रास्टससारख्या मोठ्या पंडिताविरुद्ध ग्रंथ लिहिला, ज्याचा सिसेरोला दोनशे वर्षांनंतरही राग आला. इ.स.पू. 294 मध्ये डेमेट्रियस या सेनापतीने अथेन्सला वेढा घातला, अन्नाची दशा झाली, तेव्हा एपिक्युरसने घेवड्याचे दाणे मोजून मोजून वाटत आपली माणसं जगवली असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, आणि प्लुटार्क काही त्याचा चाहता नव्हता.

खा प्या मजा करा हे मग कुठून आलं? "खा, प्या, उद्या मरायचंच आहे" हे वाक्य मुळात बायबलमधलं आहे, यशयाच्या पुस्तकात येतं आणि पुढे पौल ते करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात वापरतो, एपिक्युरसचा त्याच्याशी संबंध नाही. बदनामी मात्र त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. त्याचा लाडका शिष्य मेट्रोडोरस, त्याचा भाऊ टिमोक्रेटिस बाग सोडून गेला आणि सांगत सुटला की एपिक्युरस इतकं खातो की दिवसातून दोनदा ओकतो. डायोटिमस नावाच्या स्टोइकाने तर 50 अश्लील पत्रं एपिक्युरसच्या नावावर खपवली. आणि खरा माणूस मित्राला लिहितो काय, तर मला चीजची एक लहान बरणी पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. रोमन लेखक सेनेका सांगतो की बागेच्या दारावर लिहिलेलं असायचं, पाहुण्या, इथे तुझं बरं चालेल, इथे सुख हेच सर्वश्रेष्ठ, आणि आत गेलं की तिथला रखवालदार जवाची पेज आणि भरपूर पाणी पुढे ठेवायचा आणि विचारायचा, छान पाहुणचार झाला ना?

यात एक गैरसमज उलट बाजूनेही होतो, की मग हा संन्यासी होता. तसंही नाही. मेनोइकियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट सांगतो, साध्या अन्नाची सवय करायची ती नेहमी थोडक्यावरच जगण्यासाठी नाही, तर जास्त नसेल तेव्हा थोडक्यात भागावं म्हणून. ज्याला चैनीची गरज सगळ्यात कमी, तोच चैन सगळ्यात गोडीने भोगतो. चीज आलं तर खायचंच की. फक्त चीज नाही आलं म्हणून दिवस खराब होता कामा नये.

आता चार्वाक. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते आपल्यापर्यंत आलं ते माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून, चौदाव्या शतकातून, म्हणजे विरोधकाच्या हातून, त्यामुळे चार्वाकावरही टिमोक्रेटिससारखाच अन्याय झाला असण्याची शक्यता धरून चाला. साम्य आहे, मेल्यावर काही नाही हे दोघेही म्हणतात. पण त्याच ग्रंथात चार्वाकाच्या तोंडी असंही येतं की सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुख टाकायचं नसतं, मासे खाणारा काटे-खवल्यांसकट मासे घेतोच की, भात हवा तर तूस येणारच. हा सूर मला ॲरिस्टिपसच्या जवळचा वाटतो. एपिक्युरस आधी हिशोब करतो, कुठलंही सुख स्वतः वाईट नाही, पण ज्याच्या मागून जास्त दुःख येतं ते सोडून द्यायचं, आणि ज्या दुःखामागून मोठं सुख येतं ते सोसायचं. तुपाला त्याचा विरोध नसता. ऋणाला मात्र नक्की असता, कारण तूप एका घोटात संपतं आणि हप्ता रात्री उशाशी येऊन बसतो. देवांबद्दलही फरक आहे, एपिक्युरस देव मानतो, फक्त ते आपल्यात लक्ष घालत नाहीत म्हणतो, इतके सुखी आहेत की त्यांना कोणावर रागवायची किंवा कोणाला प्रसन्न व्हायची गरजच नाही.

आणि भारताशी धागा शोधायचाच असेल तर चार्वाकापेक्षा हा जास्त खरा आहे: पिऱ्हो नावाचा ग्रीक अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर इकडे आला होता, नग्न राहणाऱ्या साधूंना भेटला होता, आणि परत जाऊन मनाच्या शांतीचा पुरस्कर्ता झाला. एपिक्युरसचा शिक्षक नॉसिफेनिस पिऱ्होला ओळखत होता आणि एपिक्युरस त्याच्याकडे पिऱ्होची सारखी चौकशी करायचा, एवढं जुन्या चरित्रकाराने नोंदवलंय. यावरून अताराक्सिया भारतातून गेली असं कृपया कोणी ठरवू नये, पण धागा आहे.

ॲरिस्टॉटलबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण रांजणाचं चित्रच चुकलंय असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं, भूक-तहान सोडा, बघण्याचं सुख, वास घेण्याचं, गणित सोडवण्याचं, आठवणीचं, यांच्याआधी कुठे कमतरता असते? गणित सोडवण्याआधी आपण काही दुखत नसतो. म्हणजे सुख हे भरणंही नाही आणि भरलेपणही नाही, ते एखादं काम उत्तम चाललेलं असताना त्याच्यावर आपोआप येतं, तरुण वयात चेहऱ्यावर तेज येतं तसं. आणि प्रत्येक कामाचं सुख वेगळं, बासरीच्या वेड्याला बासरी ऐकू आली की समोरच्याचं बोलणं कळत नाही. नाटक रंगलं नाही की प्रेक्षक जास्त खातात, हे निरीक्षणही त्याचंच, 'निकोमाखियन एथिक्स'च्या दहाव्या भागात. तुमच्या पंधरा दिवसांकडे जरा या बाजूने बघा. आपण फोन घेतो, गाडी घेतो, त्यातली किती खरेदी म्हणजे नाटक रटाळ चाललंय म्हणून काढलेला खाऊ असतो? हा प्रश्न एपिक्युरस विचारत नाही, ॲरिस्टॉटल विचारतो, आणि नोकरीबद्दल तुम्ही तुमच्या प्रश्नात एक शब्दही लिहिलेला नाही.

त्याचा युडायमोनिया हा शब्द आपण पुस्तकात 'आनंद' म्हणून भाषांतरित करतो आणि घोळ होतो. आनंद सकाळी असतो आणि दुपारी नसतो, युडायमोनिया तशी नसते. मुलांना मी सांगते, आजीच्या जाण्यानंतर लोक म्हणतात ना, तिच्या आयुष्याचं सोनं झालं, ते. हा वाक्प्रचार आपण लहान मुलाबद्दल वापरत नाही, ॲरिस्टॉटलही म्हणतो लहान मुलाला तसं म्हणता येत नाही, म्हटलं तर ती आशा असते. आणि 'सोनं झालं' म्हणताना ती किती वेळ खूश होती हे आपण मोजत नसतो.

स्टोइकांवर मी इथे फार लिहित नाही, त्यांच्यावर हल्ली खूप लिहिलं जातंय. त्यांच्या मते सद्गुण पुरेसा, सुख आलं काय गेलं काय. क्लिअँथीझ शिष्यांना एक चित्र कल्पायला सांगायचा, सुख राणीसारखं सिंहासनावर बसलंय आणि सगळे सद्गुण दासी होऊन भोवती उभे आहेत, बघा किती लाजिरवाणं. एपिक्युरसच्या बाजूने एवढंच सांगते की त्याने लिहिलंय, शहाणपणाने, चांगुलपणाने, न्यायाने जगल्याशिवाय सुखाने जगता येत नाही आणि सुखाने जगल्याशिवाय ते तसं जगणंही होत नाही.

जिथे तो मला पटत नाही तेही लिहायला हवं. तो म्हणतो, तीव्र वेदना फार काळ टिकत नाही आणि जी टिकते ती सोसण्यासारखी असते. ज्याने घरात दीर्घ आजारपण काढलंय त्याला हे खोटं आहे हे माहीत आहे. आणि 'लपून जगा', राजकारणात पडू नका, हा त्याचा सल्लाही अर्धाच आहे, बागेची भिंत शाबूत राहायला भिंतीबाहेर कोणीतरी राज्य चालवावंच लागतं. पण वेदनेबद्दल त्याला बोलायचा अधिकार नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. इ.स.पू. 270 मध्ये लघवी अडून, चौदा दिवस सोसून तो गेला. शेवटच्या दिवशी इडोमेनियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो वेदना कमी आहेत असं म्हणत नाही, याहून जास्त असूच शकत नाहीत असं म्हणतो, आणि म्हणतो की त्या सगळ्यांच्या समोर आपल्या गप्पांच्या आठवणीचा आनंद उभा आहे. आणि पुढे, मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. मेट्रोडोरस आधीच गेला होता. मृत्युपत्रात चार गुलामांना मुक्त केलं आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी स्वतःच्या आणि मेट्रोडोरसच्या आठवणीसाठी मंडळींनी जमावं म्हणून सोय लावून ठेवली.

त्याने सुमारे 300 गुंडाळ्या लिहिल्या म्हणतात, उरलंय फार थोडं, तीन पत्रं, 40 मुख्य वचनं, आणि 81 वचनांचा आणखी एक संग्रह जो 1888 मध्ये व्हॅटिकनच्या हस्तलिखितात सापडला. बाकी भर पडतेय ती इटलीतल्या हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या गावातून. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तिथल्या एका बंगल्यातलं ग्रंथालय जळून कोळसा झालं, त्यात एपिक्युरसपंथी फिलोडेमसचे ग्रंथ भरपूर होते. त्यातली एक न उघडलेली गुंडाळी स्कॅन करून संगणकाच्या मदतीने तीन तरुणांनी तिचा काही भाग वाचला, त्याचं बक्षीस फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालं. त्यात मजकूर काय निघावा, तर सुखाबद्दलच: अन्नाच्या बाबतीत जसं आहे तसं, जे दुर्मिळ ते मुबलकापेक्षा जास्त सुखद असतं असं आपण लगेच धरून चालत नाही. त्या दिवशी बातमी वाचून मी वर्गात ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि तासभर त्या एकाच वाक्यावर बोललो आम्ही.

कुठून वाचायचं विचारलंत तर मेनोइकियसच्या पत्रापासून, पाच-सहा पानं आहेत, इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात. घाईघाईने वाचू नका, मृत्यूवरचा परिच्छेद (आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो) वाचून तिथेच थांबाल, पण खरं काम त्याच्या पुढच्या इच्छांच्या परिच्छेदात आहे. मग ती 40 वचनं, दिवसाला दोन या हिशोबाने. त्यानंतर 'गॉर्जियस'मधला रांजणाचा भाग आणि सिसेरोच्या 'दे फिनिबस'चे पहिले दोन भाग, पहिल्यात एपिक्युरसची बाजू आणि दुसऱ्यात त्याची उलटतपासणी. ती तपासणी झाल्यावरही एपिक्युरस तुम्हाला उभा दिसतोय की आडवा झालाय, ते मला कळवा, कारण माझं उत्तर आजवर दोनदा बदललंय.